परत आलेले फोटो

माझी बायको इंदू गेली हे मला गुरुवारी दुपारी पावणेदोनला कळलं. रायपुरात तेलीबांध्याच्या एका फ्लॅटमध्ये ते दीड वाजताच कळलेलं होतं. मधली पंधरा मिनिटं मी रेल्वेच्या कचेरीत डबा खात होतो. वांग्याच्या भाजीत मीठ थोडं जास्त पडलं होतं आणि संध्याकाळी तिला तसं सांगायचं, असं माझ्या मनात चाललं होतं. शेजारच्या टेबलावरचा हिरालाल त्याच्या जावयाची काहीतरी गंमत सांगत होता. मी हसलोसुद्धा. बाकी सगळ्या गोष्टी मी कशाबशा लावून घेतल्या आहेत, पण त्या पंधरा मिनिटांचं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही. मग फोन वाजला. एका मुलीचा आवाज, पुण्याकडची मराठी. "काका, मी ज्ञानदा. काकू आमच्याकडे फोटो काढायला आल्या होत्या ना. तुम्ही लगेच येता का?" मी म्हटलं, "काहून? काय झालं?" ती म्हणाली, "आई बोलेल." आईने फोन घेतला, आणि तिला बोलताच येईना. डब्याचं झाकण माझ्या हातात होतं. ते मी नीट बसवलं, चारही बाजूंनी दाबून पाहिलं, आणि उठलो.

त्या घरात जळक्या डाळीचा वास भरला होता. ज्ञानदाचे वडील नवा रायपुरातल्या एका संस्थेत नोकरीला, येऊन दोन वर्षं झालेली. आई विनीता दारात उभी होती. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन, पाहून, खुर्चीवर बसले होते. इंदूला दिवाणावर निजवलं होतं. चष्मा कोणीतरी काढून उशीजवळ ठेवला होता आणि कॅमेरा तिच्या पोटाशी होता, पट्टा अजून गळ्यात. तो काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे. ज्ञानदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला सगळं एका दमात सांगितलं, जणू उशीर झाला तर विसरेल. "काकूंनी मला शिट्ट्या मोजायला सांगितल्या होत्या. तीन झाल्या की सांग म्हणाल्या, आणि तोवर त्यांच्याकडे बघायचं नाही. मी तीन झाल्यावर म्हटलं, काकू, तीन. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं अजून फोटो काढतायत. म्हणून मी मान वळवलीच नाही, काका. पाचव्या शिट्टीपर्यंत मी तशीच बसून होते."

शिट्ट्यांची गोष्ट मला सांगावी लागेल, कारण इंदूचं सगळं काम त्यावर उभं होतं. ती लग्नाच्या मुलींचे फोटो काढायची. स्थळाला पत्रिकेसोबत पाठवतात ते. स्टुडिओत मुलीला स्टुलावर बसवून, हनुवटी वर, खांदे सरळ, असं करतात आणि मुलगी दातदुखीला आल्यासारखी दिसते. इंदू मुलीच्या घरी जायची, सरळ स्वयंपाकघरात. मुलीच्या आईला म्हणायची, "वहिनी, तुमी जरा बाहेर बसा." मग कुकर चढवायला लावायची. मुलीला पाटावर किंवा खुर्चीवर खिडकीच्या उजेडात बसवायची आणि म्हणायची, "बाई, माझं ध्यान नाही राहात. तीन शिट्ट्या झाल्या का सांगजो मले. मी तोवर याचं बटन पाहून राहिली." मुलगी शिट्टीकडे कान लावून बसे. पहिली झाली की ओठ थोडे हलत. दुसरी झाली की नजर कुठेतरी लांब स्थिर होई. दुसरी आणि तिसरी यांच्या मध्ये इंदू फोटो काढायची. "माणूस आयकून राहिला न," ती मला म्हणाली होती, "त त्याच्या चेहऱ्यावर दुसरं काही राहात नाही. लाज नाही, भेव नाही. तो तेवढाच राहाते." मी तिला म्हटलं होतं, "मग माझा चेहरा काय असन? मी त कोनाचं आयकतच नाही." ती म्हणाली, "म्हनून त तुमचे फोटो चांगले येत नाहीत."

कॅमेरा मीच आणला होता, एवढं श्रेय मला आहे. सत्त्याऐंशी साली हिरालालच्या मेहुण्याने विकायला काढला, तेव्हा मला वाटलं मंजिरीचे, आमच्या मुलीचे, दोनचार फोटो होतील. आम्ही गुढ़ियारीत दोन खोल्यांत राहत होतो. मालगाड्यांच्या शंटिंगचा आवाज सतत, आणि उन्हाळ्यात प्रत्येक गच्चीवर बायकांनी घातलेल्या बड्या, म्हणजे आपले सांडगे. इंदूने मंजिरीचे फोटो काढले, मग बड्या घालणाऱ्या बायकांचे, मग बड्यांचेच. रोल धुवायला महिना महिना थांबायची. अंगण झाडताना मध्येच थांबून ती भिंतीवरच्या उजेडाकडे पाही आणि मी विचारायचो, "काय झालं?" ती म्हणे, "काही नाही, चार वाजले." घड्याळ न पाहता सांगायची आणि चारच वाजलेले असायचे. शेजारच्या सरलाच्या नणंदेचा फोटो तिने सहज काढला. तो अमरावतीला गेला आणि लग्न जमलं. मग पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, एकेक मराठी आई येऊ लागली. रायपुरात आपली घरं तेव्हा मोजकी. रेल्वेतली, पोस्टातली, बँकेतली. मुली द्यायच्या त्या नागपूर-वर्ध्याकडे, म्हणजे मुलगी दाखवणं महाग, आधी फोटोच जाणार. पहिल्यांदा पैसे घेताना इंदूने हात पदराखाली लपवला होता. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, "लोक म्हणतीन रेल्वेच्या बाबूची बायको फोटो काढते." ती म्हणाली, "म्हनू द्या न. काढतेच त काय म्हनतीन दुसरं?" मी चिडून विषय बदलला. तिच्या बऱ्याच बोलण्यावर मी असाच चिडायचो.

राज्य नवं झालं, रायपुर राजधानी झालं, आणि तिचं काम शहराबरोबर वाढलं. भोपाळहून बदलून आलेली माणसं, नंतर पुण्या-मुंबईची. ती आधी लुनावर जायची, मग स्कुटीवर. शेवटी शेवटी नवा रायपुरला, त्या रुंद मोकळ्या रस्त्यांवरून, पिशवीत कॅमेरा आणि डब्यात अर्धा पाव तूरडाळ. कारण त्या नव्या घरांत कधी कधी कुकर असायचा पण डाळ नसायची. मुली तिला हिंदीत उत्तरं द्यायच्या. ती मराठीतच बोलायची आणि दोघींचं छान चालायचं. डिजिटल कॅमेरा आला तो तिने महिन्याभरात शिकून घेतला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुस्तिका मला वाचायला लावून. पण एक गोष्ट तिने शेवटपर्यंत केली नाही. मुलीचा रंग उजळला नाही. आया हात जोडायच्या. "इंदूताई, थोडीशी उजळ करा न, आजकाल कंप्युटरवर होते." ती म्हणायची, "मी उजळ करून देईन वहिनी. पन मग पोट्टी तिथं जाऊन काय करन? रोज सकाळी मले बोलवन काय?" काही आया उठून जायच्या. त्यातल्या निम्म्या परत यायच्या.

आणि फोटोही परत यायचे. ज्यांना ही चाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्थळाला नकार असला की फोटो आणि पत्रिका पाकिटात घालून परत करायची, ही आपल्यात रीत होती. पत्रात कारण नसे, योग नाही एवढंच. आता गंमत अशी की परत आलेला फोटो दुसऱ्या स्थळाला कोणी पाठवत नसे. त्याला एकदा नाही म्हटलेलं असतं. घरातही ठेवत नसत. आणि फाडायचा तरी कसा, पोटच्या पोरीचा फोटो आहे. तर आया तो इंदूकडे आणून द्यायच्या, पालथा, टेबलावर, आणि नवी कॉपी घेऊन जायच्या. इंदूचा अर्धा धंदा त्या नव्या कॉप्यांचा होता, आणि त्याची तिला लाज वाटे. परत आलेले सगळे ती ठेवायची. मी कचेरीतून एक बाद झालेली पत्र्याची पेटी आणली होती, फायलींची, तिच्यात. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तीन ओळी. कुठे गेला. परत कधी. नवीन. 'नवीन'पुढे नवी कॉपी दिल्याची तारीख. पुढे त्या मुलीचं लग्न झालं की खाली गावाचं नाव. कारणाची ओळ नव्हती. मी एकदा विचारलं, का लिहीत नाहीस, बऱ्याचदा आपल्याला माहीत असतं. ती म्हणाली, "ते त्यांचं आहे. पोट्टीचं नाही."

पाचव्या दिवशी रूपाली आली, भिलाईहून. शहाण्णव साली तिचा फोटो अकरा वेळा परत आला होता. आता शाळेत मुख्याध्यापिका आहे, दोन मुलगे आहेत. मंजिरीने पाणी दिलं. मंजिरी हैदराबादहून आली होती तेराव्यापर्यंत. तिने स्वतःचं लग्न स्वतः जमवलं, त्यामुळे तिला शिट्ट्या मोजाव्या लागल्या नाहीत. रूपाली बराच वेळ इंदूबद्दल बोलली, मग एकदम म्हणाली, "काका, एक मागू? माझे फोटो काकूंकडे होते. परत आलेले. असतील काय?" मी पेटी आणली. अकरा फोटो निघाले, एकाच फोटोच्या अकरा कॉप्या. गुढ़ियारीच्या एका स्वयंपाकघरात बसलेली मुलगी, मान किंचित तिरपी. रूपालीने एक उचलला आणि पाहतच राहिली. "काका, मी अशी होते?" ती म्हणाली. "मले त वाटे, माझ्यातच काही तरी कमी आहे." मग हसायला लागली, रडायलाही. "बघा न, मी किती ध्यान देऊन आयकून राहिली! एवढ्या ध्यानानं त मी नवऱ्याचंही नाही आयकत." सगळे अकरा तिने पर्समध्ये घातले. जाताना मंजिरीला म्हणाली, "पोरांना दाखवते. म्हणते, ही पहा तुमची आई, अकरा घरांनी नको म्हटलेली." तिने बहुतेक इतरांना सांगितलं असणार. दुसऱ्या दिवसापासून बायका येऊ लागल्या.

मी जे पाहिलं ते साधं होतं. बायका येत, बसत, फोटो मागत, आणि पाहून प्रत्येकीचा चेहरा एक क्षण तसाच होई, फोटोतल्यासारखा. इंदूशी मी बत्तीस वर्षं संसार केला, आणि ती एवढी मोठी कारागीर होती हे मला ती गेल्यावर, परक्या बायकांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. याचा मला अभिमान वाटत होता. पण रूपालीच्या पहिल्या फोटोची मागची बाजू पाहिली तेव्हापासून पेटीत किती फोटो उरले, तेही मी पाहत होतो. पेटी वरून रिकामी होत होती. वरचे फोटो नवे, खालचे जुने. तळाशी काय असेल, याची मला भीती वाटत होती.

एक्याऐंशी सालच्या जानेवारीत इंदूचा फोटो आमच्याकडे आला होता. पुलगावहून. माझे वडील बाबाराव यांनी तो मला दिला आणि म्हणाले, पाहून घे, सांग. मी तो कचेरीत नेला. मला नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं, दिवसभर फायलींवर शेरे मारायचो आणि त्याचा मला गर्व होता. पुलगावच्या त्या फोटोवाल्याने ब्रश मारून तिचा चेहरा पिठासारखा पांढरा केला होता. ओठ रंगवले होते. तिचा पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला होता, तो त्याने सरळ केला होता. बाहुली दिसत होती. मला आवडली नाही. आणि हातात पेन होतं. मी फोटो उलटा केला आणि मागे लिहिलं, 'देख लिया। वापस किया जाए।' खाली छोटी सही आणि तारीख, नऊ फेब्रुवारी. कचेरीचा शेरा, कचेरीच्या हिंदीत. मी गंमत म्हणून केलं की सवयीने, हे मला आज सांगता येणार नाही. संध्याकाळी फोटो वडिलांना दिला आणि नाही म्हटलं. त्यांनी न उलटता पाकिटात घातला. मे महिन्यात वर्ध्याला एका लग्नात पंगतीत एक सावळी मुलगी वरण वाढत होती. कोणीतरी तिला काही म्हटलं आणि ती हसली, तो चढलेला दात दिसला. मी आत्याला विचारलं, ही कोण. आत्या म्हणाली, "अरे, हेच त स्थळ तू परत पाठवलं!" मी वडिलांच्या मागे लागलो. तिच्या वडिलांनी मान खाली घालून दुसऱ्यांदा बोलणी केली.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी इंदूने विचारलं, "माझा फोटो काहून वापस पाठवला होता?" मी म्हटलं, "बाबांनी पाठवला. पत्रिकेत काही तरी दिसलं त्यांना." तिने बरं म्हटलं. शेऱ्याची मला तेव्हा आठवणही नव्हती. नंतर कधीतरी झाली, आणि मग मी स्वतःला समजावलं की तिच्या वडिलांनी फोटो पाहिला असेल, फेकला असेल, तिच्यापर्यंत आलाच नसेल. नव्व्याण्णव साली वडिलांना अर्धांगवायू झाला. दोन वर्षं इंदूने त्यांचं सगळं केलं. पेज भरवायची, अंग पुसायची. एकदा पेज भरवताना ती म्हणाली, "मामंजी, मले पहिले तुमीच नाही म्हटलं होतं न? आता पहा, कोनाच्या हातचं खा लागून राहिलं." मी दारात उभा होतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बोलायला त्रास होत असे. मग ते म्हणाले, "हो बाई. माझीच चूक." इंदू खूप हसली. मी तिथून निघून गेलो, स्कूटरला किक मारली आणि स्टेशनपर्यंत जाऊन उगाच परत आलो. ती हसली तेव्हा ती कोणाकडे पाहत होती, हे मी गेल्या पंधरवड्यात पुन्हा पुन्हा आठवून पाहतो. चमचा तिच्या हातात होता. वडिलांचं तोंड तिच्या डावीकडे होतं, दार उजवीकडे. ती माझ्याकडे पाहत होती.

तेराव्याच्या आदल्या दिवशी ज्ञानदा आली, एकटीच. मी तिला कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो दाखवला. दुसरी शिट्टी झालेली, ओठ 'दोन' म्हणून मिटत आलेले. तिने कॅमेरा हातात घेतला, परत दिला. "मला हा नको आहे, काका, आत्ता," ती म्हणाली. "पण पुसू नका." मग विचारलं, "त्या मला म्हणाल्या होत्या, आमच्या ह्यांनी मला फोटो न पाहता पसंत केलं. खरं?" मी विचारलं, "कधी म्हणाली?" "त्याच दिवशी. कुकर लावताना. म्हणाल्या, म्हणून मी म्हणते, फोटोचं फार मनावर घ्यायचं नाही." मी हो म्हटलं. ते एका अर्थी खरंही होतं. पंगतीत मी फोटो पाहिला नव्हता.

संध्याकाळी मंजिरीने पेटी जमिनीवर उपडी केली. उरलेल्यांचे पत्ते शोधू म्हणाली, पोस्टाने पाठवू, मम्मीला आवडलं असतं. मी खुर्चीत बसलो होतो. ती एकेक नाव वाचत होती आणि मी हो, नाही, ती बिलासपूरला असते, असं सांगत होतो. मग तिचं वाचणं थांबलं. "बाबा, ये मम्मी है क्या? ये तो मम्मी लगती ही नहीं. कितना पाउडर मारा है!" ती हसली आणि तिने फोटो उलटा केला. तिथे तो शेरा होता, निळ्या शाईत, माझ्या सहीसकट. शाई थोडी पसरली होती. त्याच्याखाली पेन्सिलीच्या तीन ओळी, सगळ्यांच्या मागे असतात तशाच. मंजिरीने त्या मोठ्याने वाचल्या. "कुठे गेला, रायपुर. परत, चौदा फेब्रुवारी एक्याऐंशी. नवीन, लागला नाही."

त्या ओळी तिने कधी लिहिल्या हे कळायला मार्ग नाही. पेन्सिलीला तारीख नसते. पेटी मी अठ्ठ्याऐंशीत आणली, म्हणजे निदान पंचवीस वर्षं तो फोटो माझ्या घरात होता. पण चौदा फेब्रुवारी ही पुलगावला पोचल्याची तारीख आहे, आणि ती तिला माहीत होती. लग्नानंतर तिने मला विचारलं तेव्हाच तिने मागची बाजू वाचलेली असणार. माझं अक्षर त्यानंतर रोज तिच्यासमोर होतं. किराण्याच्या यादीत, मंजिरीच्या शाळेच्या अर्जावर, कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मी तिच्यासाठी लिहिलेल्या अर्थांत. मला वाटतं मी खुर्चीतून थोडा पुढे झुकलो असेन, कारण मंजिरी म्हणाली, "क्या हुआ?" आणि मग, "ये वापस किया जाए किसने लिखा है? आजोबा तो हिंदी लिखते ही नहीं थे." बाहेर कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली. मी ती ऐकली. दुसरी होईल म्हणून थांबलो. ती झाली. मंजिरी माझ्याकडे पाहत होती, फोटो हातात धरून. माझा चेहरा तेव्हा कसा दिसत होता हे सांगायला आता कोणी नाही.

"उद्या सांगतो," मी म्हटलं.

तेरावं झालं. मंजिरी हैदराबादला गेली. जाण्याआधी तिने पाकिटं केली, पत्ते लिहिले, तिकिटं लावली. ती मी टपालात टाकली. रोज रात्री तिचा फोन येतो, जेवलात का विचारते, मीठ कमी खा म्हणते. त्या फोटोचं ती पुन्हा विचारत नाही, तिच्या आईसारखीच. फोटो पेटीत आहे, एकटाच. मंजिरीला मी अजून सांगितलेलं नाही.